औंधचे चित्रकार अधिपति व नित्याच्या आचारांतील कला

आमच्या त्रैमासिकांत जीं साधनें प्रसिद्ध होतात, त्यांत सनदा, महजर, करीने, शकावल्या, जमाखर्च व पत्रव्यवहार यांचाच भरणा अधिक. त्यांवरून राज्यें कोणीं मिळविलीं, वतनें कोणाचीं, तंटे कसे तुटले, हें बरेंच उमगतें. परंतु त्या त्या काळचा मनुष्य दिवस कसा घालवीत असे, कामाच्या रगाड्यांत त्याच्या जिवास विसांवा कशानें मिळे, त्याच्या हातून कांहीं सुंदर घडत असे कीं नाहीं, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. दप्तर ज्या रुमालांत बांधलेलें असतें त्या रुमालाची किनार, पोथीच्या पहिल्या पानावरचा शेंदरी गणपति, समासांत काढलेली वेल, ह्यांकडे आपली नजर जाते ती क्षणभर. लगेच आपण तिथि, वार व शक शोधूं लागतों.

अलीकडे सर्वत्र असें बोललें जातें कीं, मनुष्यानें आपल्या नित्याच्या जीवनांत कलेस जागा द्यावी, म्हणजे चित्त प्रसन्न राहतें व प्रकृतीसही त्याचा उपयोग होतो. हा विचार पुष्कळांस नवा व परकीय वाटतो. आमच्या मतें तो नवाही नाहीं व परकीयही नाहीं. सातारा व सांगली या प्रांतांत एका संस्थानिकानें तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जाणूनबुजून आचरून दाखविला. तो आचार कसा होता, त्याला या प्रांतांत आधार कोणता होता, आणि त्यापासून आम्हां संग्राहकांनीं काय घ्यावें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

औंधचें घराणें प्रतिनिधींचें. अठराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास प्रतिनिधिपदावर आलेले किन्हईचे परशुराम त्रिंबक हे त्याचे मूळ पुरुष होत. संस्थान लहान. गांवें ७२, क्षेत्र ५०१ चौरस मैल, आणि तेंही एकसंध नव्हे. औंध एका बाजूस, कुंडल व आटपाडी दुसरीकडे, आणि गुणदाळ तर थेट विजापुराकडे. १९४८ च्या मार्चांत संस्थान विलीन झालें. पुढील वर्षीं सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग निराळा काढून दक्षिण सातारा जिल्हा करण्यांत आला. त्यासच १९६० पासून सांगली जिल्हा म्हणतात. म्हणून औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत आहे, तर कुंडल व आटपाडी हीं सांगली जिल्ह्यांत आहेत. आम्ही ज्या प्रयोगाविषयीं लिहीत आहों, तो या दोन्ही जिल्ह्यांचा समाईक वारसा आहे.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा जन्म १८६८ सालचा. १९०९ सालीं ते गादीवर आले व विलीनीकरणापर्यंत गादीवर राहिले. १९५१ सालीं त्यांचें देहावसान झालें. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोंचलें. संस्थानांतील शाळांत त्यांनीं सूर्यनमस्कार सुरू केले, त्यांवर पुस्तक लिहिलें, आणि १९३८ सालीं लंडनहून त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. हें सर्वश्रुत आहे. परंतु हेच गृहस्थ चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि १९३५ सालीं इंदुरास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, या गोष्टी पुष्कळांस ठाऊक असूनही त्या निरनिराळ्या कप्प्यांत ठेविल्या जातात. नमस्कार हा व्यायाम, चित्र हा छंद, कीर्तन ही भक्ति, अशी वांटणी आपण करतों. आम्हांस असें वाटतें कीं, बाळासाहेबांच्या ठिकाणीं हीं तिन्ही एकाच आचाराचीं अंगें होतीं. नमस्कार जसा दुसऱ्याकडून घालून घेतां येत नाहीं, तशीच कलाही दुसऱ्याकडून करून घेऊन भागत नाहीं. ती आपल्या हातानें, आपल्या कंठानें, आणि नेमानें करावयाची असते, हें त्या आचाराचें मर्म होय.

आश्रयदाते राजे आपल्या इतिहासांत कमी नाहींत. गवयास बिदागी देणें, चित्रकारास पदरीं ठेवणें, हा राजधर्मच मानला जाई. बाळासाहेबांनींही तो पाळला. चित्रकार म्हणून नांवलौकिक मिळविलेले व पुढें वेदांकडे वळलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ सालीं औंधास येऊन राहिले. किन्हईचे अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, औंधचे दरबारगायक होते. त्यांनीं आपल्या गुरुस्थानीं असलेल्या शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ औंधास चालू केलेला संगीतोत्सव आजही होत असतो. परंतु आश्रय देऊन बाळासाहेब थांबले नाहींत. त्यांनीं स्वतः कुंचला हातीं धरला. रामकथेवरील त्यांच्या चित्रांची मालिका १९१६ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनीं स्वतंत्र पुस्तकें लिहिलीं.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढावी यासाठीं १९१८ सालीं बाळासाहेबांनीं एक लक्ष रुपयांचें साहाय्य देऊं केलें, आणि १९१९ सालीं त्या कार्यास आरंभ झाला. तें कार्य १९६६ सालीं पुरें झालें. भारतीय पाठचिकित्सेचा तो मानदंड समजला जातो. या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर विष्णु सीताराम सुखटणकरांच्या नांवाबरोबर चित्रकार म्हणून औंधच्या अधिपतींचेंही नांव आहे, व त्यांचीं चित्रें प्राचीन नमुन्यांवरून काढलीं आहेत असेंही तेथें नमूद आहे. पाठभेदांच्या त्या रूक्ष अरण्यांत चित्रें कशास, असा प्रश्न कोणास पडेल. आम्हांस त्यांत मोठें सुसंगत तत्त्व दिसतें. संपादक जसा नाना प्रांतींच्या पोथ्या ताडून मूळ पाठाकडे जाऊं पाहतो, तसा हा चित्रकार जुन्या शिल्पांतील वेष, अलंकार, रथ व आसनें ताडून मूळ दृश्याकडे जाऊं पाहतो. एकाचें साधन अक्षर, दुसऱ्याचें रेषा. परंतु शोधाची वृत्ति तीच. संशोधन व कला यांचें वैर आहे अशी समजूत असणाऱ्यांनीं हा दाखला ध्यानीं धरावा.

आतां संग्रहालयाकडे वळूं. १९३८ सालीं औंधास जें श्रीभवानी चित्रसंग्रहालय उघडलें, त्यांत राजा रविवर्मा व धुरंधर यांचीं चित्रें आहेत, निरनिराळ्या शैलींचीं लघुचित्रें आहेत, पाश्चात्त्य चित्रशिल्पांच्या प्रतिकृति आहेत, चंदन व हस्तिदंत यांवरील कोरीव काम आहे, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व मूल यांचें एक लहानसें पाषाणशिल्पही आहे. आज हें संग्रहालय राज्य शासनाच्या ताब्यांत आहे. परंतु त्यांत काय आहे याहून तें कोठें आहे हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. तें पुण्यामुंबईस नाहीं, राजवाड्याच्या आंतल्या चौकांतही नाहीं. मूळपीठावरील यमाईच्या दर्शनास जातांना डोंगराच्या वाटेवर तें लागतें. खटाव-माणचा शेतकरी, कुळधर्मास आलेलें कुटुंब, लेंकुरवाळी बाई, देवीस नारळ घेऊन निघालेलें माणूस, यांच्या वाटेंतच रविवर्म्याची दमयंती आहे. चित्र पाहण्यासाठीं त्यास निराळा प्रवास करावा लागत नाहीं, कीं निराळा पोषाख करावा लागत नाहीं. कलेस नित्याच्या जीवनांत आणणें म्हणजे काय, याचें याहून सोपें उत्तर आम्हांस सुचत नाहीं. जेथून लोक मुळांतच जातात, तेथें ती ठेवावी.

या वातावरणाचा परिणाम राजवाड्याबाहेरही दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे तरुणपणीं चित्रकला शिकण्यास मुंबईस गेले होते. कांहीं रंगांचा भेद डोळ्यांस नीट कळत नसल्यामुळें त्यांस रंगकाम सोडावें लागलें व ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले. बाळासाहेबांनीं दिलेल्या जागेवर, कुंडलच्या माळावर, त्यांनीं १९१० सालीं कारखाना मांडला. तेथूनच १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं किर्लोस्कर खबर हें मासिक काढलें; शंकररावही चित्रकारच. लोखंडी नांगर ज्या गांवांत घडत, त्याच गांवांतून सचित्र मासिक निघून मराठी घरांत जाऊं लागलें. कारखाना व कुंचला यांची सोयरीक येथें कोणास विचित्र वाटली नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

औंधचा हा आचार एकाकी होता काय? तसें म्हणतां येत नाहीं. त्याच्या पूर्वींच्या शतकांत कृष्णाकांठींच त्यास अनुकूल अशा दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. पहिली सांगलीची. सांगलीचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळीचा खेळ पाहिला. त्यांस तो आवडला असता व त्यांनीं मंडळीस वस्त्रें देऊन वाटेस लाविलें असतें, तर तो आश्रयाचा नेहमींचा प्रसंग ठरला असता. त्यांनीं तसें न करतां आपल्या पदरच्या विष्णु अमृत भावे यांस मराठींत असें कांहीं रचावें म्हणून सांगितलें. आणि १८४३ सालीं सीतास्वयंवराचा खेळ सांगलीस झाला. खेळ विकत घेणें निराळें, आणि आपल्या माणसाच्या हातून घडविणें निराळें. पहिल्यानें एक रात्र गोड होते. दुसऱ्यानें एका प्रांताची भाषा रंगभूमीवर बोलूं लागते. १८५१ सालीं आप्पासाहेब वारले तेव्हां आश्रय सुटला, तरी हातांत आलेली विद्या सुटली नाहीं. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, व १८५३ सालीं मुंबईंत त्यांनीं तिकीट लावून खेळ केले. त्यांच्या लांकडी कळसूत्री बाहुल्याही उपलब्ध असून त्यांचा जीर्णोद्धार बाहुलीकार रामदास पाध्ये यांनीं केला आहे. पांच नोव्हेंबर हा मराठी रंगभूमीचा दिन म्हणून पाळतात, तो याच सीतास्वयंवराच्या स्मरणार्थ.

दुसरी गोष्ट मिरजेची. तेथील सतार व तंबोरे करणाऱ्या घराण्यांत अशी परंपरा सांगतात कीं, त्यांचे पूर्वज शिकलगार होते. लढाया सरल्या, शस्त्रांस धार लावण्याचें काम उणावलें, तेव्हां एकोणिसाव्या शतकांत त्यांचे हात वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, आणि मिरजेंत त्यांचा तंबोरा होतो. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. याच मिरजेंत बाळकृष्णबुवांपाशीं शिकून विष्णु दिगंबर पलुसकर बाहेर पडले, व १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून संगीत दिवाणखान्यांतून गृहस्थाच्या घरीं आणलें. अशा प्रकारें सांगलीनें सामान्य माणसाकडून रचना करविली, मिरजेनें त्याच्या हातीं वाद्य दिलें, आणि औंधनें त्याच्या वाटेवर चित्र मांडलें. तिन्ही ठिकाणीं कला दुरून पाहण्याची वस्तु न राहतां वापरण्याची वस्तु झाली.

या प्रतिपादनावर आक्षेप येतील, व ते येणें योग्यच आहे. पहिला आक्षेप असा कीं, राजास फुरसत होती, कोठार भरलेलें होतें. त्याच्या उदाहरणानें कष्टकऱ्यास काय सांगणार? हा आक्षेप सर्वस्वीं खोडतां येत नाहीं. संस्थानाचा पैसा रयतेचाच होता. परंतु त्याच बाळासाहेबांनीं १९३८ च्या नोव्हेंबरांत रयतेस स्वराज्य देण्याचें घोषित केलें, महात्मा गांधींच्या सल्ल्यानें घटना तयार झाली, व १९३९ च्या जानेवारींत ती अमलांत आली. त्याच काळांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसली. तेथें कैदी कुंपणावांचून राहून शेती पिकवीत. आटपाडी प्रांतांतल्याच माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनीं त्यावरून कथा लिहिली, व शांतारामबापूंनीं १९५७ सालीं तिचा चित्रपट केला. स्वतःच्या हातानें कांहीं घडवूं दिलें तर मनुष्य सावरतो, ही श्रद्धा राजापुरती नव्हती; ती कैद्यापर्यंत नेलेली होती, एवढें तरी यावरून म्हणतां येतें.

दुसरा आक्षेप रसिकांचा. बाळासाहेबांचीं चित्रें थोर चित्रकारांच्या पंक्तीस बसतात काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. किंबहुना आमच्या मुद्द्यास तें लागतही नाहीं. जो नमस्कार घालतो तो मल्ल व्हावा अशी आपली अपेक्षा नसते. तसेंच जो रोज चित्र काढतो, ओवी म्हणतो, अंगणांत रांगोळी घालतो, तो कलावंतांत गणला जावा अशी अट कशास हवी? ही अट घातल्यामुळेंच पुष्कळ शहाणीं माणसें कुंचल्यास हात लावीत नाहींत व गळा उघडीत नाहींत, आणि आपल्या जिवाचा एक कोपरा जन्मभर बंद ठेवितात.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. कलेनें प्रकृति सुधारते हें कशावरून? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आढाव्यांत ३,००० हून अधिक अभ्यास तपासले आहेत. आजार टाळण्यांत, आरोग्य राखण्यांत व दुखणें सोसण्यांत कलांचा उपयोग होतो असा त्यांचा एकंदर निष्कर्ष आहे. त्यांतील सर्वच अभ्यास सारख्या योग्यतेचे नाहींत. पोथ्यांचीही तीच गत असते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तथापि पुष्कळ पोथ्या एकच पाठ देऊं लागल्या म्हणजे त्या पाठाचा आपण आदर करतों, तोच न्याय येथें लावावा.

आतां शेवटची व आमच्या दृष्टीनें मुख्य गोष्ट. आम्ही संग्राहक आहों. संग्रह करणें म्हणजे वस्तु तिच्या जागेवरून उचलणें. आणि जागेवरून उचललेली वस्तु वांचते खरी, परंतु तिचा वापर तुटतो. रावबहादुर पारसनिसांनीं जमविलेल्या अमोल वस्तूंसाठीं १९२५ सालीं साताऱ्यास संग्रहालय झालें, व १९३९ सालीं तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. तो तेथें सुरक्षित राहिला याबद्दल कृतज्ञ असावें. पण साताऱ्याच्या वाटसरूच्या वाटेंतून तो गेला, हेंही नमूद केलें पाहिजे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यांतील भिंतीवरचीं चित्रें मात्र भिंतीवरच आहेत; नानांचें दप्तर उचलतां आलें, भिंत उचलतां आली नाहीं. म्हणून तेथें उभें राहिलें असतां हिशेबाच्या व राजकारणाच्या ओझ्याखालीं वांकलेला तो मुत्सद्दी विसाव्यास आल्यावर कशाकडे पाहत असेल, हें आपणांस आजही उमगतें. कागदांनीं त्याचें काम सांगितलें. भिंतीनें त्याचा विसांवा सांगितला.

हाताच्या वापराबरोबर कला कशी जाते, याचें उदाहरण जात्याचें. घरोघर गिरणीचें पीठ आलें, जातें थांबलें, आणि ओवीचें कारणच नाहींसें झालें. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं गांवोगांव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या म्हणून त्या राहिल्या. परंतु ओवीबरोबर ती कोणीं म्हटली व कोणत्या गांवीं म्हटली हेंही टिपलें गेलें, म्हणूनच त्या संग्रहाचें मोल आहे.

तेव्हां आमची वाचकांस विनंति अशी. ज्यांच्या संग्रहीं अशा घरगुती कलेच्या वस्तु असतील, चित्रांकित पोथी, सोंगट्यांचा पट, गंजिफा, कशिद्याचा रुमाल, कीर्तनाची हातवही, देवघरांतील भिंतीवरचें चित्र, त्यांनीं वस्तूच्या वर्णनाबरोबर ती कोठें असे, कोणीं केली, कोणत्या वेळीं हातीं घेतली जाई, व तिच्या भोंवतीं कोण जमत, एवढें विचारून लिहून ठेवावें. हें सांगणारीं माणसें वृद्ध आहेत; कागद थांबेल, माणूस थांबणार नाहीं. आणि साधल्यास आणखी एक करावें. पोथी नकलून घेण्याचा जुना परिपाठ आतां यंत्रामुळें सुटला. तरी निदान एखादें पान, त्याच्या वेलीसह, आपल्या हातानें उतरून पाहावें. अक्षर चांगलें येईल न येईल. परंतु ज्यानें तें प्रथम लिहिलें त्याचा हात कोठें रेंगाळला व कोठें आनंदला, हें जितकें त्या अर्ध्या प्रहरांत कळतें, तितकें दूरून पाहून कळत नाहीं. औंधच्या अधिपतींनीं महाभारताच्या बाबतींत हेंच केलें होतें.